आउटलुकमधली दहा मिनिटं: तापट साहेबांच्या हाताखालून एक रिव्ह्यू

पाचपैकी चार तारे.

रिव्ह्यू अख्ख्या आउटलुकचा नाही. त्यातल्या एका आडबाजूच्या सोयीचा आहे, जी आमच्या कंपनीत मी आणि आयटीवाला मुलगा सोडून कुणी वापरताना मला दिसलेलं नाही. विंडोजवरचं जुनं आउटलुक, म्हणजे मायक्रोसॉफ्ट आता ज्याला 'क्लासिक' म्हणतं ते, तुमचा जाणारा मेल ठरावीक वेळ अडवून ठेवू शकतं. एका मिनिटापासून 120 मिनिटांपर्यंत, आपण ठरवू तेवढा. 'सेंड' दाबलं की मेल आउटबॉक्समध्ये जाऊन बसतो. वेळ भरली की आपला आपण निघतो. तोवर तो उघडा, बदला, नाहीतर सरळ पुसून टाका. समोरच्याला काहीच कळत नाही.

मी नाशिकला अंबडच्या वसाहतीत इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी बघते. सीआरसीए शीट (पोलादी पत्रा), तांब्याचे बसबार (पॅनेलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या), बिजागऱ्या, गास्केट, पावडर कोटिंगचं जॉबवर्क. कंपनीचं नाव घेणार नाही, साहेबांचंही नाही. साहेबांबद्दल एवढं सांगते की ड्रॉइंगवर नुसती नजर टाकून कुठल्या कोपऱ्यात बसबारला जागा कमी पडणार हे सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आणि हे त्यांना माहीत आहे. फार नीट माहीत आहे. मीटिंगमध्ये दुसरं कुणी ती चूक आधी दाखवली तर त्या माणसाचा पुढचा आठवडा वाईट जातो. रात्री उशिरा 'रिप्लाय ऑल' करून झापणं, सकाळी एक सांगून दुपारी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणणं, आणि पुरवठादार समोर बसलेला असताना अगदी मऊ आवाजात, "मॅडम, तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मी बघतो." हे शेवटचं सगळ्यात जास्त लागतं, कारण त्यात 'मॅडम' आहे.

नोकरी सोडत का नाही, असं विचारणाऱ्यांच्या घराचा हप्ता बहुधा फिटलेला असतो. शिवाय मला माझं काम आवडतं. ते साहेबांपायी का सोडू?

आता सोय लावायची कशी ते सांगते, म्हणजे ज्यांना एवढंच हवं आहे ते इथूनच परत जातील. 'फाइल'मध्ये जा, 'मॅनेज रूल्स अँड अलर्ट्स' उघडा, 'न्यू रूल' घ्या. आलेल्या मेलचा नको, आपण पाठवतो त्या मेलचा नियम निवडा. पुढच्या खिडकीत अटी येतात. तिथे काहीच निवडलं नाही तर प्रत्येक मेलला नियम लागतो, आणि खरेदीवाल्याला ते परवडत नाही, कारण ट्रक गेटवर उभा असताना पुरवठादाराला दहा मिनिटं ताटकळत ठेवून काय मिळवायचंय? म्हणून मी 'सेंट टू' मध्ये फक्त साहेब आणि विभागप्रमुखांचा ग्रुप टाकला आहे. त्यानंतर 'डिफर डिलिव्हरी'च्या ओळीवर खूण करून मिनिटं भरायची. शेवटी अपवाद विचारतात. त्यात 'हाय इम्पॉर्टन्स'ला अपवाद करण्याचा मोह टाळा. आमच्याकडे डबा आला हे सांगणारा मेलही लाल उद्गारचिन्ह लावून फिरतो. मी विषयातल्या शब्दाचा अपवाद ठेवला आहे: विषयात 'ब्रेकडाउन' असेल तर मेल तडक जातो.

मिनिटं किती? आधी पाच ठेवली होती. पाच मिनिटांत राग उतरत नाही, फक्त चहा येतो. तीस ठेवली तर साहेबांचा फोन आधी येतो, "उत्तर कुठाय?" दहा बरोबर आहेत. दहा मिनिटांत मी शॉप फ्लोअरवर एक फेरी मारते, इनवर्डला कुठला माल उतरतोय ते बघते आणि परत येते.

माझी अपेक्षा सरळ होती. रागात लिहिलेलं जाऊ नये. साहेबांनी काहीतरी टोचून लिहिलं, माझ्या बोटांनी त्याहून टोकदार उत्तर टाइप केलं, आणि दहा मिनिटांनी शहाणपण आलं, असं काहीतरी. या कामाला सोय उत्तम आहे, वादच नाही. पण आउटबॉक्समधून परत काढलेले माझे मेल बघितले तर रागाचे थोडे निघतात. बहुतेक मेल सफाईचे असतात. मी काय केलं, कधी केलं, कुणाला विचारून केलं, त्यात माझा दोष कसा नाही, आणि तरीही मी कशी दिलगीर आहे. हा प्रकार रागापेक्षा वाईट, कारण लिहिताना तो सभ्य वाटतो.

एक उदाहरण देते. आमचे मेल इंग्रजीत असतात, इथे मराठीत सांगते. शीट उशिरा येणार होती आणि साहेबांनी सगळ्यांना कॉपी करून विचारलं होतं की खरेदी विभाग झोपलाय का. माझा पहिला खर्डा असा होता: "साहेब, झालेल्या उशिराबद्दल मनापासून दिलगीर आहे. पण हा उशीर होणार असल्याचं मी मागच्याच आठवड्यात कळवलं होतं, त्यावर आपलं उत्तर आलं नाही. दुसऱ्या पुरवठादाराचा दरही आपल्याकडे मंजुरीसाठी आहे. स्टोअरलाही मी वेळोवेळी सांगितलं आहे." अक्षर न् अक्षर खरं. दहा मिनिटांनी जो मेल गेला तो असा: "शीट गुरुवारी दुपारी येते. साठ्यातली शीट शुक्रवारपर्यंत पुरते, लाइन थांबणार नाही. दुसऱ्या पुरवठादाराच्या दराला आज मंजुरी मिळाली तर पुढच्या वेळी आपण एकाच्या भरवशावर राहणार नाही. दर सोबत जोडला आहे."

पहिल्या मेलमध्ये साहेबांना धरायला चार जागा होत्या. "उत्तर आलं नाही म्हणजे माझ्यावर ढकलताय का?" इथून सुरू झालं असतं, आणि शीट राहिली असती बाजूला. अहंकारी माणसाला सफाई दिली की त्याला खटला मिळतो, आणि न्यायाधीश तोच असतो. दुसऱ्या मेलमध्ये धरायला काही नव्हतं. मंजुरी संध्याकाळी आली, एका शब्दात.

तेव्हापासून त्या दहा मिनिटांत मी ठरलेल्या गोष्टी शोधून काढते. 'पण' आहे का. 'मी आधीच सांगितल्याप्रमाणे' आहे का. 'कृपया नोंद घ्यावी' आहे का (आमच्या ऑफिसात या शब्दांचा अर्थ 'आता बघतेच' असा होतो). दिलगिरी आहे का, आणि असली तर ती खरोखर माझ्या चुकीची आहे का. माझी चूक असेल तर दिलगिरी एका वाक्यात आणि सगळ्यात आधी. नसेल तर ती खोडायची. साहेबांचा मूड शांत करायला मागितलेली माफी उधारीसारखी असते, पुढच्या महिन्यात व्याजासकट वसूल होते.

तांब्याच्या बाबतीत ही सोय वेगळ्याच प्रकारे उपयोगी पडते. बसबारचा भाव लंडन मेटल एक्स्चेंजच्या तांब्याच्या भावावर चालतो, तो डॉलरमध्ये असतो, वर रुपयाचा दर आणि घडाईचा खर्च. आमचा पुरवठादार दिलेला दर त्या दिवसापुरताच धरतो. साहेब फोनवर सांगतात, "थांबा, भाव पडणार." भाव पडला की ते त्यांचं बाजाराचं ज्ञान असतं. चढला की, "कुणी थांबायला सांगितलं?" यावर कुणीही सल्ला देईल की तोंडी सूचना लेखी पक्की करून घ्या. बरोबर आहे. फक्त ती कशी लिहायची हे कुणी सांगत नाही.

"आपण आज फोनवर खरेदी थांबवण्यास सांगितलं" असं लिहिलं तर तो पुरावा होतो, आणि पुरावा गोळा करतेय हे साहेबांना पहिल्या ओळीत कळतं. हुशार माणूस आहे. मग पुढच्या वेळी ते फोनच करत नाहीत, केबिनमध्ये बोलावतात. मी आता लिहिते: "बोलल्याप्रमाणे बसबारची ऑर्डर उद्या सकाळपर्यंत थांबवली आहे. आजचा दर जोडला आहे, तो आज संध्याकाळी पाचपर्यंत लागू आहे. त्याआधी घ्यायचं ठरलं तर मला फक्त 'घ्या' एवढं कळवा, खरेदीची ऑर्डर (पीओ) तयार आहे." यातही तारीख, वेळ, दर, सगळं नोंदलं गेलंच. पण त्यात साहेबांना मत बदलायला दार उघडं आहे. खूपदा साडेचारच्या सुमाराला 'घ्या' येतं. आलं नाही आणि भाव चढला, तर नंतरच्या मीटिंगमध्ये मला काही बोलावं लागत नाही, आणि मी बोलतही नाही. मेल ज्यांनी वाचायचा त्यांनी वाचलेला असतो.

ही दोन वाक्यांतली तफावत मला लिहितानाच कधी दिसत नाही. फेरी मारून आल्यावर दिसते. म्हणून हे तारे.

कॉपीचं थोडक्यात. साहेब झापताना बारा जणांना कॉपी करतात. उत्तरही बारा जणांना द्यायचा हात शिवशिवतो, कारण बारा जणांसमोर अब्रू गेलेली असते. आउटबॉक्समधून मेल उघडून मी नावं कमी करते: ज्याला ती माहिती कामासाठी लागते तोच राहतो. आणि साहेबांचा आकडा चुकला असेल तर ते मेलवर नाहीच, केबिनच्या दारावर टकटक करून. "साहेब, एक आकडा परत बघायचा होता." चार भिंतींच्या आत ते चूक मान्य करतात. गंमत म्हणजे पटकन करतात.

आता जो किस्सा सांगते त्याच्यासाठी या सोयीला पाचवाही तारा दिला असता.

2024 चा मार्च. सातपूरला आमचं पावडर कोटिंग करणारा एक छोटा जॉबवर्कवाला आहे. 'उद्यम' या सरकारी पोर्टलवर नोंदणी, सूक्ष्म उद्योग, काम चोख. कुठल्याशा कार्यक्रमात तो आमच्या साहेबांना भेटायला पुढे आला नाही, की दुसऱ्या कुणाशी बोलत राहिला, नेमकं काय झालं ते मला आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला: "त्याचं पेमेंट थांबवा. येऊ दे त्याला माझ्याकडे."

खरेदीत काम करणाऱ्यांना तो मार्च आठवत असेल. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा 2006 चा. त्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. हे सगळं जुनंच, आणि छोटा पुरवठादार मोठ्या गिऱ्हाइकाकडे व्याज मागायला जात नाही हेही जुनंच. नवं होतं ते आयकराचं. 2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम 43बी मध्ये 'एच' हे उपकलम घातलं, आणि ते नेमकं त्या आर्थिक वर्षापासून लागू झालं. अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि 31 मार्चलाही थकलेले राहिले, तर तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी होतो. म्हणजे न दिलेल्या पैशांवर आधी कर भरा. आमच्या अकाउंट्सच्या मॅडम महिनाभर कुठला पुरवठादार उद्यमवर आहे, कोण सूक्ष्म, कोण लघु, कोण मध्यम याच्या याद्या करत होत्या. मध्यम उद्योगांना हे कलम लागत नाही, नुसत्या व्यापाऱ्यांनाही नाही. आमच्या पावडर कोटिंगवाल्याला लागत होतं, आणि त्याच्या बिलाचा 45वा दिवस मार्चमध्येच येत होता.

माझा पहिला खर्डा म्हणजे छोटं व्याख्यान होतं. कलमं, तारखा, आणि शेवटी 'नैतिकदृष्ट्याही' अशी सुरुवात असलेलं एक वाक्य. 'सेंड' दाबून मी खाली गेले. कोटिंग होऊन आलेली दारं उतरत होती, करड्या रंगाची, एकावर एक, मध्ये फोमचे तुकडे घातलेले. तिथे उभी असतानाच लक्षात आलं की 'नैतिकदृष्ट्या' हा शब्द वाचून साहेब मला धडा शिकवतील आणि भरणार मात्र तो कोटिंगवाला.

वर येऊन मेल उघडला आणि निम्म्याहून जास्त कापला. राहिलं ते असं: माल स्वीकारल्याची तारीख. 45वा दिवस. 31 मार्चपर्यंत न दिल्यास या वर्षी किती रकमेची वजावट जाते आणि त्यावर कर किती, हा आकडा अकाउंट्सच्या मॅडमकडून फोनवर घेतलेला. आणि शेवटचं वाक्य: "शुक्रवारच्या पेमेंट यादीत ठेवू, की त्याआधी आपण त्यांच्याशी बोलून घेणार आहात?" कार्यक्रमाचा उल्लेख नाही. 'थांबवा' म्हणालात, याचा उल्लेख नाही. टू मध्ये साहेब, कॉपीला फक्त अकाउंट्स.

तासाभराने साहेबांचं उत्तर आलं, आणि ते सगळ्या विभागप्रमुखांना होतं. एमएसएमईची सगळी पेमेंट 31 मार्चच्या आत गेली पाहिजेत, मी हे वारंवार सांगत आलो आहे, खरेदी आणि अकाउंट्सनी यादी करून मला दाखवावी.

अकाउंट्सच्या मॅडम काचेपलीकडून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांची यादी तयार होऊन आठवडा झाला होता. मी लिहिलं, "यादी सोबत जोडली आहे." त्या मेलला दहा मिनिटांची गरजच नव्हती, पण नियम आहे, तोही थांबला. पेमेंट शुक्रवारी गेलं. श्रेय साहेबांकडे गेलं. मला काय पाहिजे होतं? पेमेंट.

आता जो तारा कापला त्याचं सांगते.

हा नियम फक्त तुमच्या त्या कॉम्प्युटरवर चालतो, आणि आउटलुक उघडं असेल तेव्हाच. सहा वाजता लॅपटॉपचं झाकण मिटून घरी गेलात तर अडवलेला मेल आउटबॉक्समध्येच राहतो आणि पुन्हा आउटलुक उघडल्यावर जातो. त्याहून मोठी अडचण फोनची. फोनवरून केलेला मेल या नियमाच्या तावडीत येत नाही, तो थेट जातो. आणि माणूस सगळ्यात जास्त बिघडलेला असतो तो रिक्षात, हातात फोन असताना. फोनसाठी माझा उपाय साधा: आधी मजकूर लिहायचा, 'टू' रिकामं ठेवायचं, नाव सगळ्यात शेवटी टाकायचं.

आणखी एक खाच. अडवलेला मेल आउटबॉक्समध्ये जाऊन नुसता उघडून बघितला आणि तसाच बंद केला, तर तो जात नाही. वेळ उलटली तरी तिथेच पडून राहतो. पुन्हा 'सेंड' दाबावं लागतं. त्यामुळे उघडलात तर निर्णय घेऊनच बंद करा.

नव्या आउटलुकमध्ये आणि ब्राउझरवरच्या आउटलुकमध्ये 'अनडू सेंड' आहे, ते जास्तीत जास्त 10 सेकंदांचं. जीमेलमध्ये 5, 10, 20 किंवा 30 सेकंद निवडता येतात. हे अटॅचमेंट विसरणाऱ्यांसाठी आहे. अपमान झालेल्या माणसासाठी 30 सेकंद म्हणजे काहीच नाही, तेवढ्यात तो अजून एक वाक्य घालतो. जीमेलवाल्यांनी त्यापेक्षा 'शेड्यूल सेंड' वापरावं, 1 एप्रिल 2019 ला आलेली सोय आहे. प्रत्येक मेलला हाताने वेळ द्यावी लागते एवढंच. मीही साहेबांच्या रात्रीच्या मेलला उत्तर सुचलं तर लिहून सकाळी सव्वानऊला लावते. रात्री उत्तर दिलं की रात्री उत्तर मिळतं हे त्यांना कळतं, आणि मग सुटका नाही. 'रिकॉल'च्या भरवशावर मात्र राहू नका. ते बाहेरच्या पत्त्यावर चालत नाही, कंपनीच्या आतच चालतं, आणि कधी कधी समोरच्याला 'अमुक मेल परत घ्यायचा आहे' अशी वर्दीही देतं. मग तो माणूस तोच मेल आधी वाचतो.

व्हॉट्सअ‍ॅपला यातलं काही लागू नाही, आणि साहेब खरे राहतात व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथे पाठवलेला मजकूर 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण बदलल्याची खूण राहते. पुसला तर 'मेसेज पुसला' अशी पाटी राहते, आणि ग्रुपमध्ये त्या पाटीवर मूळ मजकुरापेक्षा जास्त चर्चा होते. तिथे माझं ठरलेलं एकच उत्तर असतं: "बघून मेल करते, साहेब." की झालं, विषय माझ्या आउटबॉक्समध्ये आला.

तुलनेसाठी दुसरं उत्पादनही बघून घ्या: आमच्या स्टोअरच्या काकांची खिशातली डायरी. बेअरिंगवाल्याने नवीन वर्षाला फुकट दिलेली. मीटिंगमध्ये साहेबांचा आवाज चढला की काका डायरी काढतात, पेनाचं टोपण उघडतात, आणि म्हणतात, "एक मिनिट साहेब, लिहून घेतो." तारीख लिहितात. वेळ लिहितात, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. मग मान वर करतात, "हां, बोला." साहेबांना तेच वाक्य दुसऱ्यांदा, लिहून घेण्याच्या गतीने बोलावं लागतं, आणि त्या गतीने कुणालाच झापता येत नाही. वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही, मीटिंगमध्ये चालते. जिथे माझं आउटलुक पूर्णपणे निकामी आहे, तिथे ही डायरी पाचपैकी पाच आहे. मी एकदा प्रयत्न करून पाहिला, पण त्याला काकांचं वय आणि काकांचा चेहरा लागतो.

या सोयीने काय होत नाही तेही सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी भलत्याच दुखण्याला हे औषध लावेल. साहेब तापट आहेत, आत्मप्रौढ आहेत, तोवर ठीक. कुणी घाणेरडं बोलत असेल, अंगचटीला येत असेल, तर दहा मिनिटं थांबून भाषा मऊ करायची नसते. त्यासाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. लेखी तक्रार तिथे. तसंच मागच्या तारखेची पीओ बनवा, न आलेल्या मालाचा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) टाका असं कुणी सांगितलं, तर उत्तर 'हे मला करता येणार नाही' एवढंच. त्याला आउटबॉक्समध्ये मुरवत ठेवण्यासारखं काही नाही. आमच्या साहेबांनी असं कधी सांगितलेलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. अहंकाराचा एक फायदा म्हणजे काही गोष्टी त्यांना स्वतःच्या पायरीखालच्या वाटतात.

किंमत: वेगळे पैसे नाहीत, कंपनीच्या ऑफिसच्या लायसन्समध्ये येतं. घरच्या कॉम्प्युटरवर हवं असेल तर विंडोजवरचं जुनं आउटलुक हवं.

कुणी घ्यावं? ज्यांचं साहेबांशी निम्मं बोलणं मेलवर होतं त्यांनी. ज्यांचं सगळं फोनवर आणि केबिनमध्ये चालतं त्यांनी बेअरिंगवाल्याला डायरीसाठी सांगून ठेवावं.

आमचा आयटीवाला मुलगा अधूनमधून येऊन सांगतो की उजव्या कोपऱ्यातलं बटण सरकवा, नवीन आउटलुक छान आहे, दिसायला स्वच्छ आहे. असेल. पण मायक्रोसॉफ्टने जुन्याला निदान 2029 पर्यंत आधार देऊ असं म्हटलं आहे, तोवर मी बटणाला हात लावणार नाही. परवा तो आला तेव्हा साहेबांना लिहिलेला एक मेल आउटबॉक्समध्ये होता, अजून सहा मिनिटं बाकी. त्याने वाकून वाचला. म्हणाला, "ताई, हा 'तथापि' काढा."

काढला.